एलपीच्या शेवटी द्रुत फाटते, तेव्हा आधी मोजपट्टी हातात घ्या

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हाला तपासता येईल. वडिलांनी जमवलेल्या शास्त्रीय गायनाच्या एलपी ऐकायच्या म्हणून तुम्ही वापरलेला टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ टर्नटेबल घेतलात आणि त्यावर नवीकोरी ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई कार्ट्रिज, म्हणजे सुई धरणारी डबी, घरीच बसवलीत. बाजू सुरू होते तेव्हा आवाज छान येतो. विलंबित ख्याल निम्मा होईपर्यंत तक्रार नाही. पण द्रुत लागली की गायकाचा आवाज चिरकतो, ‘स’ आणि ‘श’ फिसकटतात, आणि शेवटच्या ताना अक्षरशः फाटतात. सुईवरचं वजन दोन ग्रॅमवरून अडीचवर नेलंत, तरी फरक नाही. ओळखीच्या दुकानदाराचं म्हणणं असं की कार्ट्रिज हलकी आहे, चौपट किमतीची घ्या. घ्यावी का?

आत्ता घेऊ नका. जी चूक मला तुमच्या वर्णनात दिसते आहे ती चौपट किमतीच्या कार्ट्रिजमध्ये तशीच राहील. उलट महाग सुया जास्त बारीक घडवलेल्या असतात आणि चुकीच्या कोनाला जास्त हळव्या असतात, त्यामुळे ती चूक आणखी उघडी पडेल. कार्ट्रिज कोणती हा तुमचा खरा प्रश्न नाहीच. सुईचं टोक हेडशेलमध्ये, म्हणजे हाताच्या टोकाशी कार्ट्रिज जिथे बसते त्या भागात, नेमकं कुठे आणि कोणत्या कोनात आलंय, हा आहे. हे न पाहता मी ठामपणे सांगू शकत नाही, रेकॉर्डच झिजलेली असण्याची शक्यताही आहे आणि तिच्याबद्दल खाली लिहितो. पण गेली वीसेक वर्षं मी लोकांचे टर्नटेबल लावून देतो, आणि ‘सुरुवातीला छान, शेवटी फाटतं’ अशी तक्रार आली की दहातल्या सात-आठ वेळा मोजपट्टी लावल्यावर कारण सापडतं.

आधी शेवटीच का फाटतं ते बघू. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, बाहेर असो की आत. पण बाहेरच्या कडेला, मध्यापासून साधारण १४६ मिलिमीटरवर, सुईखालून सेकंदाला ५१ सेंटिमीटर खाच सरकते. आत ६० मिलिमीटरवर आलात की फक्त २१. म्हणजे तोच स्वर, तीच तान, आता निम्म्याहून कमी जागेत दाटून कोरलेली असते. वळणं जवळजवळ येतात आणि उभी होतात. बाहेर सुई जरा तिरकी असली तरी खपून जाते, आत तेवढ्याच तिरकेपणाला माफी नाही.

आता आपल्या गायनाच्या एलपीचा घाट आठवा. एका बाजूला एक राग, वीस-बावीस मिनिटं. सुरुवातीला संथ आलाप, मग बढत, मग द्रुत किंवा तराणा, आणि शेवटी तार सप्तकातल्या ताना. गळ्याची सगळ्यात मोठी कसोटी आणि तबकडीची सगळ्यात अडचणीची जागा एकाच ठिकाणी येतात. सहा गाणी असलेल्या चित्रपटाच्या एलपीत असं होत नाही, तिथे अवघड जागा बाजूभर विखुरलेल्या असतात. ख्यालाच्या एलपीत मात्र जे सगळ्यात मोलाचं तेच सगळ्यात आत. म्हणून आपल्या संगीतासाठी टर्नटेबल लावायचा तो बाजूचा शेवट धरून लावायचा. मी या मतावर आता पक्का आहे, आणि खालचे सगळे निर्णय त्यातूनच येतात.

हे मला पुस्तकातून नाही कळलं. पुण्यात शनिवार पेठेत एका वयस्क पेटीवादकांकडे टर्नटेबल लावून दिला होता. मी नेहमीप्रमाणे पहिली पाच मिनिटं वाजवून बघितली, आवाज स्वच्छ होता, मी हत्यारं पिशवीत भरली. ते म्हणाले, “बसा, चहा होतोय. बाजू संपू दे.” डोळे मिटून ऐकत होते. द्रुत सुरू झाली आणि थोड्या वेळानं त्यांनी एक बोट वर केलं. मग पुन्हा. प्रत्येक तार षड्जाला बोट वर. बाजू संपल्यावर एवढंच म्हणाले, “मी यांच्या मागे पेटी धरलीय. गळा असा पातळ नव्हता हो त्यांचा.” मी पिशवी उघडली, मोजलं, सुई पावणेदोन मिलिमीटर मागे होती. आधीच्या कुणीतरी बसवलेली कार्ट्रिज मी तशीच राहू दिली होती, फक्त वजन नीट केलं होतं. त्या दिवसापासून मी कुठल्याही घरी पहिली पाच मिनिटं वाजवत नाही. शेवटची पाच वाजवतो.

मिलिमीटर-दोन मिलिमीटरनं एवढं का बिघडतं? रेकॉर्डची मूळ तबकडी कोरताना कोरणारं टोक कडेपासून मध्याकडे सरळ रेषेत सरकतं. आपल्या टर्नटेबलचा हात मात्र एका खुंटीवर फिरतो, म्हणून सुई कमानीत जाते. सुईचा रोख खाचेच्या रोखाशी तंतोतंत जुळणं अख्ख्या बाजूत फक्त दोन जागी शक्य असतं. त्यांना शून्य बिंदू म्हणू. बाकी सगळीकडे थोडी तिरपाई राहतेच. ती कमीत कमी कशी ठेवायची याचं गणित स्वीडनच्या लॉफग्रेन यांनी १९३८ मध्ये मांडलं, १९४१ मध्ये बेअरवॉल्ड यांनी त्यावर लिहिलं, आणि आजही प्रोट्रॅक्टरवर, म्हणजे सुईची जागा आणि कोन तपासायच्या छापील तक्त्यावर, तीच नावं असतात. सुई मध्यखुंटीच्या, म्हणजे रेकॉर्डच्या भोकातल्या खुंटीच्या, पुढे किती जाते, म्हणजे ओव्हरहँग, आणि कार्ट्रिज किती वळवलेली आहे, या दोन गोष्टींवर ते दोन बिंदू कुठे पडतात ते ठरतं.

तुमच्या टेबलचे आकडे घेऊ. एसएल-१२०० मध्ये हाताच्या खुंटीपासून मध्यखुंटीपर्यंत २१५ मिलिमीटर, आणि खुंटीपासून सुईच्या टोकापर्यंत २३० हवेत. म्हणजे ओव्हरहँग १५. कंपनीच्या मोजमापाप्रमाणे बसवली की शून्य बिंदू सुमारे ५८.८ आणि ११३.५ मिलिमीटरवर येतात. पहिला बिंदू जवळजवळ तिथेच आहे जिथे तुमची द्रुत संपते. ६० मिलिमीटरवर तिरपाई जेमतेम ०.१ अंश उरते.

आता समजा कार्ट्रिज तीन मिलिमीटर मागे बसली आहे. हेडशेलच्या खाचेत स्क्रू अगदी मागे टेकवून घट्ट केले की सहज असं होतं, आणि दिसायला ते नीटनेटकंही दिसतं. आतला शून्य बिंदू ५८.८ वरून थेट ४१ मिलिमीटरवर सरकतो. लेबल ५० मिलिमीटरवर संपतं, म्हणजे तो बिंदू आता कागदी लेबलावर पडला, सुई तिथे कधी पोचतच नाही. आणि ६० मिलिमीटरवरची तिरपाई ०.१ वरून २.९ अंशांवर जाते. तुम्ही अर्धा ग्रॅम वजन वाढवून हाच तिरपेपणा दाबायला निघाला होतात. वजनानं तो जात नाही.

म्हणून आज संध्याकाळी उजेड असताना एक काम करा. टेक्निक्सचं हेडशेल हातापासून सुटं होतं, ही त्याची मोठी सोय आहे. कडं फिरवून ते काढा आणि सपाट जागेवर आडवं ठेवा. हेडशेल हाताला जिथे टेकतं तिथे रबरी वॉशर असतो. त्या कडेपासून सुईच्या टोकापर्यंत स्टीलच्या पट्टीनं अंतर मोजा. ते ५२ मिलिमीटर भरलं पाहिजे. बघताना नजर बरोबर वर असू द्या, बाजूनं पाहिलंत तर एक मिलिमीटर इकडेतिकडे वाटतो. ४९ किंवा ५० आलं तर तुमच्या सगळ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

दुरुस्ती करताना घाई नको. तारा काढायच्या-जोडायच्या असतील तर आधी सुईचा भाग पुढे ओढून काढून ठेवा, व्हीएम९५ मध्ये तो सहज निघतो. पांढरी तार डाव्या स्पीकरची धन, निळी डाव्याची ऋण, लाल उजव्याची धन, हिरवी उजव्याची ऋण. तारेची टोपी नोकदार चिमट्यानं धरा, तार ओढू नका. टोपी ढिली वाटली तर दातकोरणीवर किंचित आवळून घ्या. पिनेवर डाख मात्र कधीही देऊ नका, आतली गुंडाळी जळते. या कार्ट्रिजच्या अंगातच आटे आहेत, नट लागत नाही, तेव्हा सोबत आलेलेच स्क्रू वापरा आणि ते एवढेच आवळा की कार्ट्रिज बोटानं ढकलली तर सरकेल, पण आपणहून हलणार नाही. मग सुई परत लावा आणि ५२ वर आणा.

ही झाली ढोबळ मांडणी. बारीक काम प्रोट्रॅक्टरवर. स्टीव्हनसन नावाची जी मांडणी आहे तिचा प्रोट्रॅक्टर फुकट छापून मिळतो, तिचे बिंदू ६०.३ आणि ११७.४ मिलिमीटरवर येतात, म्हणजे टेक्निक्सच्या मांडणीच्या जवळचेच. तुमच्या टेबलवर तिला १५.९ मिलिमीटर ओव्हरहँग लागतो, म्हणजे सुई ५२ वरून आणखी मिलिमीटरभर पुढे येते. छापल्यावर त्यावरची मापाची रेघ पट्टीनं तपासा. छपाईत आकार दोन टक्के जरी कमी झाला तरी सगळं काम फुकट जातं, आणि प्रिंटर हे अगदी सर्रास करतात. टेबलचं बटण बंद ठेवा, तबकडी फिरू नये म्हणून कडेला कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावा.

बघायचं काय, तर कार्ट्रिजची बाजू नव्हे, कँटिलिव्हर. सुई ज्या केसाएवढ्या दांडीच्या टोकाला असते ती दांडी. ती कार्ट्रिजच्या अंगाला तंतोतंत सरळ असेलच असं नाही. घड्याळ दुरुस्त करणारे डोळ्याला लावतात तसं दहापट भिंग घ्या आणि उजेड समोरून द्या. आणि इथे मला फार उपयोगी पडलेला एक ठोकताळा सांगतो. दोन्ही बिंदूंवर दांडी एकाच बाजूला सारखीच तिरकी दिसली, तर कार्ट्रिज नुसती वळवायची. एका बिंदूवर सरळ आणि दुसऱ्यावर तिरकी दिसली, तर वळवून काही होणार नाही, तिला पुढे-मागे सरकवायला हवं. लोक याच्या उलट करतात आणि तास-तास गोल फिरत बसतात. अर्धा मिलिमीटर सरकवा, दोन्ही बिंदू परत बघा. पहिल्यांदा मला यात दोन तास लागले होते, आता वीस मिनिटं लागतात. तुम्हाला एक सुट्टीचा दिवस लागला तर काही बिघडत नाही.

कुणीतरी तुम्हाला सांगेल की बेअरवॉल्ड हीच खरी मांडणी, तीच वापरा. त्यात तथ्य आहे. तिचे बिंदू ६६ आणि १२०.९ वर पडतात, आणि अख्ख्या बाजूची सरासरी काढली तर विकृती कमी येते. तुमच्या टेबलवर त्यासाठी ओव्हरहँग १७.८ करावा लागेल आणि कार्ट्रिज हेडशेलमध्ये जरा आत वळवलेली दिसेल. बाहेरच्या कडेला तिरपाई टेक्निक्सच्या मांडणीत २.६ अंश, बेअरवॉल्डमध्ये १.९. आत ६० मिलिमीटरवर मात्र हिशेब फिरतो, ०.१ विरुद्ध ०.८. तुमचा संग्रह मुख्यतः चित्रपटसंगीताचा असता तर मीही बेअरवॉल्ड सुचवला असता. पण बाहेरच्या कडेला ख्यालात काय असतं? तानपुरा, आणि गायक षड्ज लावतो आहे. तिथे खाच मोकळी आहे, थोडी तिरपाई तिथे परवडते. ती द्रुतीत परवडत नाही. शिवाय आपल्याकडे घरोघरी भावगीतांच्या, नाट्यपदांच्या, मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या छोट्या ईपी तबकड्या असतात, आणि त्या तर सगळ्याच्या सगळ्या आतल्या पट्ट्यात वाजतात. त्यांच्या शेवटाला, ५४ मिलिमीटरच्या आसपास, बेअरवॉल्डची तिरपाई दोन अंशांवर जाते, टेक्निक्सची ०.७ वर राहते. तुमच्यासाठी कंपनीची मांडणी किंवा स्टीव्हनसन, यापैकी कोणतीही घ्या, पण एकच घ्या. निम्मी ही, निम्मी ती असं करू नका.

आता वजन. ते परत दोन ग्रॅमवर आणा. या कार्ट्रिजची मर्यादा १.८ ते २.२ आहे. कमी वजनानं रेकॉर्ड वाचते हा समज चुकीचा आहे. वजन कमी पडलं की सुई खाचेच्या भिंतींवर आपटत जाते, आणि तेच जास्त घातक. पण अडीच म्हणजे दांडीला धरून ठेवणारं रबर सतत दबलेलं राहणार, सुईचा कोन बदलणार आणि आतलं चुंबक त्याच्या जागेवरून हलणार. अँटीस्केटची, म्हणजे हाताची मध्याकडची ओढ तोलणारी, चकती शून्यावर ठेवा, हात हवेत आडवा तरंगेपर्यंत मागचं वजन फिरवा, मग नुसती आकड्यांची कडी शून्यावर आणून सगळं वजन एकत्र दोनपर्यंत फिरवा. शंका असेल तर दागिने तोलायचा छोटा डिजिटल काटा वापरा. काट्याचा पृष्ठभाग रेकॉर्डच्याच उंचीवर असू द्या, नाहीतर आकडा खोटा येतो, आणि काट्याचं ताट लोखंडी असेल तर कार्ट्रिजमधलं चुंबक त्याला खेचतं आणि वजन जास्त दाखवतं.

हाताच्या उंचीवर लोक फार वेळ घालवतात, मी नाही घालवत. २३० मिलिमीटरच्या हातात कोन एका अंशानं बदलायला हात मागे चार मिलिमीटर उचलावा लागतो. एका जाड आणि एका पातळ रेकॉर्डमधला फरक त्याच्या पाव हिस्साही नसतो. सुई रेकॉर्डवर टेकलेली असताना बाजूनं पाहा, हाताची नळी रेकॉर्डला समांतर दिसली की बास. तुमच्या टेबलला त्यासाठी फिरवायचं कडं आहे, आधी त्याची कळ सोडवा, नंतर आठवणीनं परत अडकवा. न अडकवलेली कळ ही मला वापरलेल्या टेक्निक्समध्ये नेहमी दिसणारी गोष्ट आहे, हात बुडाशी किंचित डुगडुगतो आणि खालचे सूर मऊ पडतात.

समोरून पाहाल तेव्हा कार्ट्रिज डावी-उजवीकडे कललेली नको. सुईखाली छोटा पातळ आरसा ठेवा. कार्ट्रिज आणि तिचं प्रतिबिंब मिळून एक सरळ उभा आकार दिसला पाहिजे, मधे मोडलेला नको. मोडलेला दिसला तर हेडशेल घट्ट करताना किंचित वळवून बघा. तेवढ्यानं भागलं नाही तर एका स्क्रूखाली जाड कागदाची चकती घाला.

अँटीस्केटबद्दल थोडं सविस्तर, कारण तुमच्या तक्रारीत त्याचाही वाटा असू शकतो. फिरणारी रेकॉर्ड वाकड्या हाताला मध्याकडे ओढत असते. त्यामुळे सुई खाचेच्या आतल्या भिंतीवर जास्त रेलते आणि बाहेरची भिंत सुटू लागते. आतल्या भिंतीत डावा आवाज कोरलेला असतो, बाहेरच्या भिंतीत उजवा. म्हणजे अँटीस्केट कमी असेल तर आधी उजव्या स्पीकरमधून फाटायला लागतं. तुमच्या वडिलांच्या संग्रहात १९६०च्या दशकातल्या मोनो एलपी नक्की असतील. त्या सोन्यासारख्या आहेत, तपासणीसाठी त्यांच्यासारखं साधन नाही. मोनोत दोन्ही भिंतींवर एकच आवाज आहे. शेवटची पाच मिनिटं लावा, अॅम्प्लिफायरवरचं बॅलन्सचं बटण आधी पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवा. फक्त उजवीकडे फाटत असेल तर अँटीस्केट थोडं वाढवा, फक्त डावीकडे फाटत असेल तर कमी करा. दोन्हीकडे सारखंच फाटत असेल तर अँटीस्केटला हात लावू नका, परत पट्टीकडे जा. सुरुवात वजनाच्या आकड्याएवढ्या अँटीस्केटनं करा, म्हणजे दोनवर. रेकॉर्डच्या गुळगुळीत कोऱ्या पट्ट्यावर सुई ठेवून ती कुणीकडे सरकते ते बघायची जुनी पद्धत मी सोडून दिली. कोऱ्या पट्ट्यावर सुईचं नुसतं टोक टेकतं, खाचेत तिच्या दोन्ही कुशी टेकतात आणि वर स्वरांचे धक्के असतात, तेव्हा ओढही वेगळी असते.

इथपर्यंत जे केलं त्याचा क्रम एकदा सांगतो: ओव्हरहँग आणि वळण, वजन, उंची, कल, मग अँटीस्केट. एक बदललं की आधीचं परत तपासायचं, विशेषतः उंची हलवली तर वजन आणि ओव्हरहँग दोन्ही.

हे सगळं बरोबर असूनही ‘स’ टोचत असेल तर एक कारण टेबलच्या बाहेर आहे, आणि त्याच्याकडे फार कमी लोक बघतात. व्हीएम९५ईला १०० ते २०० पिकोफॅरड एवढंच कपॅसिटन्स (विद्युतभार साठवायची क्षमता) समोर हवं असतं, केबलचं आणि अॅम्प्लिफायरच्या फोनो इनपुटचं, म्हणजे टर्नटेबल जोडायच्या जागेचं, मिळून. कार्ट्रिजमधली गुंडाळी आणि हे कपॅसिटन्स मिळून वरच्या सुरांत एक उंचवटा तयार करतात. २०० पिकोफॅरडला तो सुमारे १५,००० हर्ट्झवर असतो, तिथे कुणाला त्रास होत नाही. ४०० झालं की तो खाली, १०,५०० च्या आसपास येतो, आणि ‘स’, ‘श’ची धार नेमकी तिथे पोचते. जुन्या अॅम्प्लिफायरला लांबच लांब साधी वायर जोडली की ४०० सहज होतात. तुम्ही मधे जोडणीची वायर लावून लांबी वाढवली असेल तर ती आधी काढा, अॅम्प्लिफायर टेबलशेजारी आणा आणि ऐका. हा फुकटचा प्रयोग आहे. याची खूण अशी की यानं ‘स’ बाजूभर सारखाच टोचतो, सुरुवातीलाही. तुमच्याकडे फक्त शेवटी टोचतो, म्हणून मी हे नंतर ठेवलं.

आता रेकॉर्डबद्दल, जे मी वर राखून ठेवलं होतं. तुमच्या एलपी याआधी पन्नास वर्षं कुठल्या सुईखाली गेल्या आहेत ते आपल्याला माहीत नाही. झिजलेल्या सुईनं तार सप्तकातल्या तानांची खाच एकदा खरवडली की ती परत येत नाही. ओळखायचं कसं? शेवटी फाटतं ते सगळ्याच रेकॉर्डवर का, की काहींवरच? एखादी न वाजवलेली किंवा अलीकडे छापलेली एलपी मिळवा आणि तिचा शेवट ऐका. तीही फाटत असेल तर दोष मांडणीत. ती स्वच्छ आणि वडिलांच्या तीन-चारच फाटत असतील तर त्या झिजल्यात. अशा रेकॉर्डसाठी, आणि फक्त मांडणी पक्की झाल्यावरच, पैसे खर्च करायला एक चांगली जागा आहे. तुमच्याच कार्ट्रिजच्या अंगावर व्हीएम९५एमएलची सुई बसते, अख्खी कार्ट्रिज बदलायला नको. तिचं टोक वेगळ्या घडणीचं आहे, ते भिंतीला उंच पट्ट्यात टेकतं आणि जुन्या सुईनं न घासलेला भाग त्याला बऱ्याचदा सापडतो. कंपनीच्या हिशेबानं तुमच्या आताच्या सुईचं आयुष्य ३०० तास, तिचं १०००. दुकानदारानं सांगितलेल्या खर्चापेक्षा हे खूप शहाणपणाचं आहे. पण तिला कोनाची चूक अजिबात चालत नाही, म्हणून आधी पट्टी.

आणखी एक दोष आहे जो लोक कार्ट्रिजच्या माथी मारतात. तानपुरा हेलकावे खातो, सूर वर-खाली होतो. हात वरून पाहा, तो दर फेऱ्याला डावी-उजवीकडे झुलत असेल तर रेकॉर्डचं भोक मध्यावर नाही. आपल्याकडच्या छपाईत हे बरंच आढळतं. भोक एक मिलिमीटर सरकलेलं असेल तर बाहेरच्या कडेला सूर अर्धा-पाऊण टक्का हलतो, आत ६० मिलिमीटरवर पावणेदोन टक्के, म्हणजे सगळ्यात लहान श्रुतीहून जास्त, दर १.८ सेकंदाला एकदा. सुरेल कानाला ते असह्य होतं. त्यात कार्ट्रिजचा काही दोष नाही आणि कार्ट्रिज बदलून ते जाणार नाही.

पावसाळ्यात धरलेली बुरशीही वेगळी ओळखू येते, तिचा कडकडाट होतो, आवाज फाटत नाही. डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ कापडानं खाचेच्या दिशेनं पुसा. संग्रहात लाखेच्या जुन्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्या असतील तर त्यांना अल्कोहोल मिसळलेलं कुठलंही द्रव्य लावू नका, लाख विरघळते. त्या तुमच्या टेबलवर तशाही वाजवायच्या नाहीत, त्याला ७८ची गती नाही आणि एलपीची सुई त्या रुंद खाचेच्या तळाला घासत जाते. त्या बाजूला सुरक्षित उभ्या ठेवा. सुई मात्र दर बाजूनंतर छोट्या ब्रशनं मागून पुढे, एवढ्याच दिशेनं झाडा. टोकाला चिकटलेला धुळीचा गोळाही शेवटच्या मिनिटांतच आवाज फाडतो, कारण बाजूभर तो वाढत आलेला असतो.

तर आज ५२ मिलिमीटर मोजा आणि काय भरलं ते कळवा. सोबत हेडशेलचा बरोबर वरून काढलेला एक फोटो टाका, शेजारी पट्टी ठेवून, आणि दुसरा समोरून, आरशावर सुई टेकवून. वडिलांच्या कुठल्या दोन एलपींचा शेवट फाटतो आणि डाव्या स्पीकरमधून की उजव्या, तेही लिहा. तेवढ्यावर मी तुम्हाला पुढे-मागे किती आणि कुणीकडे ते सांगू शकेन.